गुलमर्गचा गोंडोला आणि मार्चमधलं स्कीइंग: तिकिटाचे पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात

नाशिकहून मार्चमध्ये स्कीइंगला निघालेली मंडळी बहुधा आधी गोंडोलाचं, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेचं, तिकीट काढतात आणि मग विचार करतात. टूरवाले पॅकेजमध्ये जे तिकीट देतात ते पर्यटकाचं असतं: सप्तशृंगीच्या ट्रॉलीसारखं, एकदा वर आणि एकदा खाली. स्की करणाऱ्याला खाली यायला केबिन लागतच नाही. त्याला दिवसभर पुन्हा पुन्हा वर जायचं असतं. म्हणून स्कीवाल्यांच्या फेऱ्यांचे आणि पासांचे दर वेगळे असतात. पर्यटकाच्या तिकिटावर स्की करायला गेलात तर प्रत्येक घसरणीमागे न वापरलेल्या परतीचे पैसेही भरता.

आधी यंत्रणेबद्दल. जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनचा हा रोपवे फ्रान्सच्या पोमा कंपनीने उभारला. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. पहिला गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटरवरून कोंगडूरीला, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास नेतो. दुसरा तिथून अफरवट शिखराच्या अंगावर ३,९५० मीटरच्या जवळपास. कोंगडूरीहून मेरीज शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट, म्हणजे उघड्या खुर्च्यांची लिफ्ट, वेगळी. पर्यटकासाठी दोन्ही टप्प्यांचं भाडं मिळून दीड ते दोन हजारांच्या दरम्यान बसतं. एवढ्या उंचीच्या मानाने ते महाग म्हणता येणार नाही. युरोपातल्या मोठ्या रिसॉर्टचा एका दिवसाचा पास याच्या कितीतरी पट पडतो. पैसे बुडतात ते चुकीचं तिकीट चुकीच्या दिवशी घेतल्याने.

पायात पहिल्यांदाच स्की घालणाऱ्याने सुरुवातीचे दोन-तीन दिवस गोंडोलाकडे फिरकूच नये. गोंडोलाच्या पायथ्याशी आणि गोल्फ मैदानाच्या बाजूला सौम्य उतार आहेत. तिथे साध्या ड्रॅग लिफ्ट चालतात: दांडा धरायचा, चकती मांडीच्या मागे घ्यायची आणि उभ्यानेच ओढत वर जायचं. चकतीवर बसायचं नसतं. बसलात की तोल गेलाच. या लिफ्टचं तिकीट गोंडोलापेक्षा खूप स्वस्त, आणि थांबणं, वळणं, पडून उठणं हे सगळं इथेच शिकून होतं. दुसऱ्या टप्प्यावर मशीनने सपाट केलेला सोपा उतार नाही. वरून निघणारा कटोऱ्यासारखा खोलगट उतार तीव्र आणि खुला आहे. नवख्याने तिथलं तिकीट काढलं तर वर फोटो काढून केबिननेच खाली यावं लागतं.

पण या स्वस्त पर्यायाला तारीख असते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पायथ्याशी साधारणपणे पुरेसा बर्फ असतो. नंतर २,६५० मीटरवरचा बर्फ उन्हाने झपाट्याने पातळ होतो, गवत दिसू लागतं आणि ड्रॅग लिफ्ट बंद पडतात. कोंगडूरी आणि त्याच्या वर मात्र बर्फ टिकून असतो. म्हणजे मार्चअखेरीस जाणाऱ्या नवशिक्यालाही रोज पहिल्या टप्प्याचे पैसे मोजणं भाग पडतं. आपल्याकडची अडचण अशी की दहावीची परीक्षा मार्चमध्येच, आणि त्यातून मोकळे होतो तोवर नाशिकच्या रहाडीची, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाची, रंगपंचमी सोडवत नाही. त्यात मार्चअखेरीला श्रीनगरची ट्यूलिप बाग उघडते; त्या गर्दीत विमान आणि हॉटेलचे दर चढतात. ज्यांच्या घरी परीक्षा नाही त्यांनी रहाड सोडून मार्चच्या सुरुवातीला निघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वसंतातला बर्फ घड्याळाप्रमाणे वागतो, आणि दिवसाचा पास परवडतो की नाही हे त्यावरच ठरतं. रात्री वरचा थर गोठतो, त्यामुळे सकाळी उतार काचेसारखा टणक. स्कीची कड धरत नाही. दहा-साडेदहापासून तो मऊ पडू लागतो आणि दुपारी एकपर्यंत सर्वांत छान असतो. त्यानंतर चिखलासारखा गाळ होतो, स्की अडकते आणि गुडघ्यावर ताण येतो. म्हणजे चांगले तास अडीच-तीनच. पासची किंमत भागिले एकेरी फेरीचं भाडं, हे गणित तिकीटखिडकीवरच करा. उत्तर चार आलं आणि दुसऱ्या टप्प्यासमोर तासाभराची रांग दिसत असेल, तर पास घेऊ नका, सुट्या फेऱ्या घ्या. शनिवार-रविवारी हे हमखास होतं. मंगळवार-बुधवारी रांग कमी असते, तेव्हा सराव असलेल्याला पास फायद्याचा.

दुसऱ्या टप्प्याचं तिकीट शेवटच्या घटकेपर्यंत काढू नये, अपवाद पर्यटकांचा. वारा वाढला की तो बंद, ताजा बर्फ पडला की हिमस्खलनाचा धोका तपासून होईपर्यंत बंद. पहिला टप्पा चालू असताना दुसरा अख्खा दिवस बंद राहणं इथे नवलाचं नाही. मार्चमध्ये दुपारी ओला बर्फ सैल होतो, त्यामुळे गस्ती पथकाने बंद केलेल्या भागात दोरी ओलांडून जायचं नाही. शिवाय नाशिक ६०० मीटरच्या आसपास. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, आणि गुलमर्गचा पायथाच त्याहून हजार मीटर वर. पहिल्याच दिवशी ३,९५० मीटरवर डोकं दुखून परत फिरलात, की तिकीट गेलं.

आता बुकिंग. पर्यटकाचं तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर ओळखपत्राच्या तपशिलासह काढायचं असतं. ते नाशिकमध्ये बसूनच काढा. कारण साधं आहे: जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. हॉटेलच्या वायफायवर संकेतस्थळ उघडतं, पण बँकेचा ओटीपी येणार कुठे? गटात किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं भरा. दुसऱ्या टप्प्याला पहिल्या टप्प्याचं तिकीट लागतंच, नुसतं वरचं चालत नाही. दलाल ‘रांगेशिवाय’ म्हणून दुप्पट भाव सांगतात. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट ओळखपत्राशी जुळलं नाही की तो दलाल दिसतही नाही. पॅकेजमध्ये ‘गोंडोला समाविष्ट’ लिहिलं असेल तर कोणता टप्पा हे लेखी घ्या. बहुतेकदा पहिलाच असतो.

लिफ्टवर वाचवलेले पैसे इतरत्र गळतात. टनमर्ग ते गुलमर्ग हा सुमारे १३ किलोमीटरचा चढ. रस्त्यावर बर्फ असला की चाकांना साखळी नसलेली गाडी खालीच थांबवतात आणि स्थानिक जीप करावी लागते. श्रीनगरहून गाडी ठरवताना भाव थेट गुलमर्गपर्यंतचा ठरवा. सामान भाड्याने घेताना बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगा, वजन आणि उंची खरी सांगा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, त्यावरून जुळवतात. घट्ट राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जाणार असाल तर श्रीनगरपर्यंतचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

मनापासून शिकायचं असेल तर गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था, यांचे सरकारी अभ्यासक्रम बघा. रोजचा हिशेब काढला तर खाजगी प्रशिक्षक, भाड्याची स्की आणि सुटी तिकिटं यांच्या बेरजेपेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. अर्ज करताना लिफ्टचा खर्च फीमध्ये धरलाय का, तेवढं विचारा. जागा लवकर भरतात, त्यामुळे मार्चचा विचार दिवाळीतच सुरू करावा लागतो.

उत्तराखंडातल्या औलीचं नाव गुलमर्गला पर्याय म्हणून हमखास निघतं. जोशीमठात जमीन खचल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये तिथला लांब रोपवे बंद झाला, त्यामुळे वर गाडीने जायचं आणि चेअरलिफ्टवर भागवायचं. उतार नवशिक्यांना उत्तम, पण हंगाम लवकर संपतो. मार्चच्या मध्यानंतर औलीच्या भरवशावर रजा टाकू नये. मनालीजवळच्या सोलंगचा रोपवे मुख्यतः पर्यटकांचा. मनालीला जाणारच असाल तर एखादा दिवस ठीक.