इतवारीचा घाऊक किराणा आणि फ्रीझरमधलं वाटण: उन्हाळ्यापासूनचा अनुभव

घरात पाच माणसं, सकाळी दोन डबे, आणि किराण्याचं बिल दर महिन्याला चढतंच. म्हणून एप्रिलपासून आम्ही पाकिटांचा किराणा बंद केला. गहू नागपूरच्या कळमना बाजारातून, डाळ-तांदूळ इतवारीच्या घाऊक पेठेतून, आणि आठवड्याच्या स्वयंपाकाची अर्धी तयारी रविवारी. आता थंडी पडली आहे. बिल साधारण चौथाईने उतरलंय आणि ते टिकलंय, म्हणून लिहिते आहे.

घाऊक घेतलं की सगळ्यातच पैसे वाचतात असं नाही. साखर-मिठात फरक नावालाच. तेलाचा 15 किलोचा डबा तर घेऊच नका, घरात डबा आला की तळण वाढतं. खरी बचत गहू, तूरडाळ, तांदूळ आणि तिखटात, तीही हंगाम धरला तरच. गहू मार्च-एप्रिलमध्ये भरायचा, नवा तांदूळ दिवाळीच्या सुमारास यायला लागतो, तूर जानेवारीपासून. परवा डाळ घ्यायला गेले तर इतवारीतले काका म्हणाले, "आता महिन्यापुरतीच न्या ताई, नवी तूर येऊन राहिली." असा दुकानदार जोडून ठेवावा. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर तो नाही.

धान्याचा कट्टा, म्हणजे पोतं, एकट्याने उचलणं जड जातं. आम्ही प्रतापनगरातल्या चार घरांनी मिळून गहू आणला, ऑटोभाडं वाटून घेतलं.

साठवण नीट केली नाही तर सगळी बचत किड्यांच्या पोटात जाते. नागपूरचं ऊन इथे कामी येतं. गहू गच्चीवर कडक वाळवला, सावलीत पूर्ण थंड होऊ दिला, मग तळहातांना एरंडेल लावून थोडा थोडा चोळला. कोठीत तळाशी आणि मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. गरम गहू कोठीत भरला की आत घाम धरतो, तिथूनच कीड सुरू होते. पावसाळा गेला, एक टोका (धान्यातला किडा) दिसला नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या सल्फासच्या गोळ्या मात्र घरात अजिबात ठेवू नका, त्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो.

भिवापुरी मिरची देठं काढून, वाळवून कांडून आणली. बरणीत हिंगाचा खडा टाकला. रंग अजून तसाच लालभडक आहे.

आता स्वयंपाक. आमच्या घरी सगळ्यात जास्त पैसा बाहेरून मागवण्यात जायचा, आणि तो वाचवला वाटणाने. उभा चिरलेला कांदा तेलावर काळसर होईपर्यंत परतायचा, सुकं खोबरं, खसखस, धणे, लवंग, दालचिनी वेगवेगळे कोरडे भाजायचे, आलं-लसूण घालून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत काढून ठेवते. संध्याकाळी सातला दमून घरी आलं तरी चार वड्या तेलात सोडल्या की अर्ध्या तासात चण्याचा रस्सा नाहीतर वांग्याची भाजी तयार. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्साही यावर उत्तम होतो. वरून सांबार (कोथिंबीर) तेवढा ताजा हवा.

चणे रात्री भिजवून, कुकरला लावून, गार करून डब्यांत गोठवते. एक किलो चणे शिजून दुपटीहून जास्त भरतात, चार-पाच वेळांची सोय होते. आलू घातलेली भाजी गोठवू नका, तो भुसभुशीत होतो. भात तर रोजचा रोजच करते. मे महिन्यात 45 अंशांत ओट्यावर राहिलेला भात सकाळी खाणं म्हणजे आजाराला आमंत्रण. उरलाच तर तासाभरात फ्रीजमध्ये.

एक गैरसोय आहेच. छोट्या फ्रीझरमध्ये जागा पुरत नाही आणि उन्हाळ्यात लाईट गेली की जीव खालीवर होतो. अशा वेळी दार उघडायचंच नाही, भरलेला फ्रीझर बराच वेळ गार राहतो.

सध्या कॉटन मार्केटमध्ये मटार स्वस्त आहे. सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडा करून पिशव्यांत. ओला राहिला तर दगडासारखा गोळा होतो. वाटणाच्या दोन पिशव्या संपल्या की त्या जागी मटार भरणार आहे.