मिटफर्ड की गिलियड, कुठून सुरू करू?

मावशीने विचारलंय म्हणून लिहितेय, दोन्ही मालिका वाचल्यात. दोन्हीकडे छोटं अमेरिकन गाव आणि म्हातारपणाकडे झुकलेला पाद्री, पण चव पार वेगळी.

जॅन कॅरनची मिटफर्ड १९९४ ला सुरू झाली, डझनाहून जास्त पुस्तकं आहेत. फादर टिम साठीतले, एकटे, त्यात डायबेटिस निघतो, मग एक दांडगा काळा कुत्रा गळ्यात पडतो जो बायबलचं वचन ऐकलं की शांत होतो (हे मला फार म्हणजे फारच आवडलं), मग डूली नावाचा पोरगा आणि शेजारची सिंथिया. इंग्रजी सोपं, छोटे प्रसंग, चार दिवस गॅप पडला तरी धागा तुटत नाही.

मॅरिलिन रॉबिन्सनची गिलियड फक्त ४ पुस्तकांची, पहिल्याला २००५ चं पुलित्झर (अमेरिकेतलं मोठं साहित्य पारितोषिक). १९५६ मधला ७६ वर्षांचा पाद्री लहानग्या मुलाला पत्र लिहितोय, प्रकरणं नाहीत, घटना कमी, एकेक पान दोनदा वाचावं लागतं, पण नंतर महिनोन्महिने मनात राहतं.

झोपायच्या आधी, दुखण्यातून उठताना मिटफर्ड घे मावशी. निवांत आठवडा असेल, विचार करत वाचायचं असेल तर गिलियड.