उमेदवारी कुठे करावी: तालुक्याचे कार्यालय, रेल्वेचा कारखाना की जिल्हाधिकाऱ्यांचे दालन?

आयटीआय उत्तीर्ण झालेल्या मुलाने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’तून तालुक्याच्या एखाद्या कार्यालयात काम धरले, तर त्याला दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन मिळते. तोच मुलगा मध्य रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून रुजू झाला, तर त्याच्या हातात ७,००० रुपये पडतात, आणि त्यासाठी घर सोडून परळ, माटुंगा, भुसावळ किंवा कुर्डुवाडी गाठावी लागते. एवढेच आकडे समोर असतील तर कोणीही पहिली जागा घेईल, आणि पुष्कळ जण तसे करतातही. माझे म्हणणे एवढेच आहे की विद्यावेतनाचा आकडा शेवटी पाहावा. प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी हातात कोणता कागद उरतो आणि तो कागद कोणाला, कोणत्या नियमाने मानावा लागतो, याची चौकशी आधी करावी.

युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि ‘लाडका भाऊ’ या नावाने लोकांच्या तोंडी बसली. प्रत्यक्षात ती मुलींसाठीही तितकीच खुली आहे. महाराष्ट्राचा अधिवास, १८ ते ३५ हे वय आणि किमान बारावी, आयटीआय किंवा पदविका एवढे शिक्षण या तिच्या मुख्य अटी आहेत. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये दरमहा थेट बँक खात्यात जमा होतात. नोंदणी ‘महास्वयं’ संकेतस्थळावर होते. दरवर्षी दहा लाख तरुणांना संधी देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. प्रशिक्षणाचा काळ मुळात सहा महिन्यांचा होता. २०२५ मध्ये तो पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आला.

या योजनेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती घराजवळ पोहोचते, आणि हा गुण शहरात बसून नीट कळत नाही. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, पंचायत समिती अशा ठिकाणी प्रशिक्षणार्थी नेमले गेले. ज्या घरात मुलीला परगावी खोली घेऊन राहू देण्याचा विषयच निघत नाही, किंवा लग्नानंतर शिक्षण थांबलेली पदवीधर सून लहान मुलामुळे गावाबाहेर पडू शकत नाही, तिथे गावातली जागा हीच एकमेव खरी जागा असते. समान संधी म्हणताना आपण आरक्षण आणि गुण यांचा विचार करतो, पण एसटीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, यावरही संधी अवलंबून असते. पदवीधरासाठी १०,००० रुपये, त्यात खोलीभाडे नाही, मेस नाही. हे गणित कमी लेखण्यासारखे नाही.

दुबळी बाजू कामाच्या स्वरूपात आहे. कोणत्या कार्यालयात काय शिकवायचे, याचा ठरलेला अभ्यासक्रम नाही. त्यामुळे नेमणूक जिथे होते तिथला अधिकारी कसा आहे, यावर सारे ठरते. कुठे प्रशिक्षणार्थ्याला ऑनलाइन प्रणालीत नोंदी कशा करायच्या, प्रस्ताव कसा तयार करायचा, हे मनापासून दाखवले जाते. कुठे आवक-जावक वही आणि झेरॉक्स यांपलीकडे काही हाती लागत नाही. वीजतंत्री मुलाला टपाल वाटायला बसवले, तर अकरा महिन्यांनी त्याचा हात मूळ कामापासून तुटलेला असतो, आणि आयटीआय झालेल्यांनी याचा विचार पदवीधरांपेक्षा अधिक गांभीर्याने करावा. अखेरीस मिळते ते अनुभवाचे प्रमाणपत्र. त्याच्या आधारावर सरकारी भरतीत राखीव वाटा मिळत नाही.

मुदत संपत आल्यावर प्रशिक्षणार्थ्यांनी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने केली. त्यांची भावना समजण्यासारखी आहे, कारण ज्या कार्यालयांत पदे रिक्त होती तिथे त्यांनी नियमित कर्मचाऱ्याचेच काम केले होते. मात्र कायद्याची वाट अरुंद आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये स्पष्ट केले की, जाहिरात आणि खुली स्पर्धा या मार्गाने नेमणूक न झालेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून ‘पुढे कायम करतील’ या आशेवर ही योजना निवडणे धोक्याचे आहे. घरी राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना हातखर्चाचा आधार म्हणून निवडली, तर ती चोख उपयोगी पडते.

अप्रेंटिसशिपची जात वेगळी आहे, कारण तिच्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उभा आहे. प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी आस्थापना आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो नोंदवावा लागतो. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याची तरतूद कायद्यातच आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, ही या कायद्याची जुनी उणीव आहे. तरीही कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. यंत्रावर काम करणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना या एका कलमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ट्रेड अप्रेंटिस, म्हणजे एखादा ठरावीक व्यवसाय शिकणारा उमेदवार, शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला की त्याला राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर चालते. विद्यावेतन मात्र कमी आहे: २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय प्रमाणपत्रधारकास किमान ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये. अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांचे पदवीधरही २०१४ च्या दुरुस्तीनंतर यात येतात, हे कला आणि वाणिज्य शाखेच्या पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते.

महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण मध्य रेल्वेचे. अलीकडच्या वर्षांत ती दरवर्षी सुमारे २,४०० अप्रेंटिस घेते. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा पाच विभागांत जागा वाटलेल्या असतात. वय १५ ते २४, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत. निवडीसाठी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण एकत्र करून यादी लावली जाते. ही पद्धत वशिल्याला वाव देत नाही, म्हणून मला ती पसंत आहे. पण दहावीत घरच्या अडचणींमुळे मागे पडलेल्या मुलाला नंतर कितीही कौशल्य कमावले तरी ती पुन्हा संधी देत नाही, हेही तितकेच खरे.

रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी सर्वांत खालच्या, म्हणजे लेव्हल एकच्या थेट भरतीत २० टक्के जागा बाजूला ठेवल्या जातात. या पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १८,००० रुपयांपासून सुरू होते. भरतीची संगणक परीक्षा अप्रेंटिसलाही द्यावी लागते, पण वीस टक्क्यांत त्याची स्पर्धा लाखो बाहेरच्या उमेदवारांशी नसून आपल्यासारख्याच प्रशिक्षितांशी असते. हा वाटा पुरेसा वाटत नाही म्हणूनच २० मार्च २०१८ रोजी सकाळी शेकडो अप्रेंटिसनी दादर आणि माटुंगा यांच्यामध्ये रुळांवर बसून मध्य रेल्वेची लोकलसेवा अडवली होती. त्या सकाळी गाड्यांत अडकलेल्या मुंबईकरांना राग आला असेल, पण त्यातून अप्रेंटिसशिपची मर्यादाही लोकांसमोर आली: कायद्याने मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सांगितले. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. तरी हे प्राधान्य आणि रेल्वेचा राखीव वाटा यांच्या तोडीचे काही युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या प्रमाणपत्रामागे नाही.

खर्चाची बाजू लपवण्यात अर्थ नाही. मुंबईत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहून ७,००० रुपयांत महिना काढणे जवळजवळ अशक्य आहे. घरून पैसे मागवावेच लागतात. म्हणून बीड किंवा नंदुरबारच्या मुलाने अर्ज भरताना जागेची निवड विचारपूर्वक करावी. परळच्या नावाला वलय असेल, पण भुसावळ किंवा कुर्डुवाडीत तेवढ्याच पैशांत राहणे सुसह्य होते आणि प्रमाणपत्र तेच मिळते.

तिसरी वाट मुख्यमंत्री फेलोशिपची, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर वर्षभर काम करण्याच्या राज्य सरकारच्या कार्यक्रमाची. तिचा विचार करणारे थोडे असतात आणि तिथे पोहोचणारे त्याहून थोडे. २०१५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २०२० मध्ये थांबला आणि २०२३ पासून पुन्हा चालू झाला. एका वर्षी ६० फेलो घेतले जातात, त्यांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी असतात. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. आधी ऑनलाइन परीक्षा होते, त्यातून निवडलेल्या २१० जणांकडून निबंध मागवून मुलाखती घेतल्या जातात. २०२५-२६ साठी दरमहा मानधन आणि प्रवासखर्च मिळून ६१,५०० रुपये ठरले. म्हणजे युवा प्रशिक्षणातील पदवीधराच्या सहापट. वर्षभर जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांबरोबर काम आणि जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम, यामुळे पुढे सल्लागार संस्था, स्वयंसेवी क्षेत्र किंवा परदेशातील उच्च शिक्षण यांची दारे उघडतात. सरकारी नोकरीत मात्र यालाही राखीव वाटा नाही.

येथे एक बारीक हिशेब आहे. फेलोशिपला लागणाऱ्या एका वर्षाच्या अनुभवात पूर्णवेळ इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप धरली जाते. युवा प्रशिक्षणाचे अकरा महिने त्या वर्षाला एका महिन्याने कमी पडतात, तर बारा महिन्यांची पदवीधर अप्रेंटिसशिप ती अट पूर्ण करते. ज्या पदवीधराच्या मनात पुढे फेलोशिप आहे, त्याने १,००० रुपये कमी घेऊन अप्रेंटिसशिप धरणे शहाणपणाचे ठरेल.

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पथदर्शी टप्प्यात २१ ते २४ वयोगटाला मोठ्या कंपन्यांत, ज्यांत सार्वजनिक उपक्रमही होते, बारा महिने दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकरकमी ६,००० रुपये देण्याची तरतूद होती. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपेक्षा अधिक नसावे आणि घरात कोणी कायम सरकारी नोकर नसावा, अशी आर्थिक गाळणी इथे होती; वरच्या तिन्ही मार्गांत ती नाही. तरीही पहिल्या फेरीत कंपन्यांकडून इंटर्नशिपचे ८२,००० हून अधिक प्रस्ताव उमेदवारांना दिले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. घरापासूनचे अंतर हे त्याचे एक कारण पुढे आले. ज्याला गरज आहे त्यालाच जागा द्यायची आणि राहण्याचा खर्च मात्र त्याच्यावर सोडायचा, असे केल्यावर दुसरे काय होणार?

तेव्हा आयटीआय झालेल्याने, घरून वर्षभर थोडा आधार मिळण्यासारखा असेल तर, अप्रेंटिसशिपच घ्यावी, मग ती रेल्वेत असो वा एसटीच्या विभागीय कार्यशाळेत. गाव सोडता न येणाऱ्या बारावी उत्तीर्ण किंवा पदवीधर मुलीने युवा प्रशिक्षण निःसंकोच घ्यावे, पण रुजू होण्याच्या आठवड्यातच आपल्याला कोणते काम शिकवले जाणार, हे कार्यालयप्रमुखांकडून लेखी मागून घ्यावे. अप्रेंटिसने पहिल्या महिन्यात आपल्या कराराची नोंदणी सरकारच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर दिसते की नाही, हे स्वतः लॉगिन करून पाहावे. नोंदणी राहून गेली, तर वर्षभर यंत्रावर घाम गाळूनही शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.