प्रोग्रेसिव्ह चष्मा, नऊ महिने वापरून: सगळा घोळ तीन मिलिमीटरचा

काल रात्री देवळाच्या मांडवात तीन अंकी नाटकाचं प्रॉम्प्टिंग केलं. चष्म्याला एकदाही हात लावावा लागला नाही आणि मानेला रग लागली नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. कारण एप्रिलमध्ये हीच फ्रेम, याच कंपनीच्या प्रोग्रेसिव्ह काचा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, मध्ये रेघ नाही) आणि हाच नंबर दुकानाच्या काउंटरवर ठेवून मी पैसे परत मागितले होते.

माझं वय एकोणपन्नास. उजवा डोळा उणे सव्वादोन, डावा उणे दोन आणि त्यात पाऊण सिलिंडर, म्हणजे एका दिशेपुरता वेगळा नंबर. जवळची ॲडिशन, म्हणजे वाचण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर, पावणेदोन. उणे सव्वादोनवाल्याने चष्मा काढला की साधारण ४४ सेंटिमीटरवरचं आपसूक स्वच्छ दिसतं. त्यामुळे चाळिशी लागली तरी पाच-सहा वर्षं मी एक पैसा खर्च केला नाही. वाचायचं असलं की चष्मा कपाळावर, काम झालं की नाकावर. ऑफिसात हे निभावलं. विंगेत निभत नाही. वही हातात, नट तीन-चार मीटरवर, आणि नजर दर दोन वाक्यांनी इकडून तिकडे. चष्मा काढला की नट पुसट, घातला की वही पुसट. आमच्या गोव्यातल्या माशेलात नाटक म्हणजे जिवाचा विषय. प्रॉम्प्टर अडखळला तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

फेब्रुवारीत पणजीतल्या एका दुकानात प्रोग्रेसिव्ह काचा बनवायला टाकल्या. नुसत्या काचांचे ९,८०० रुपये. फ्रेम जुनीच ठेवली, चांगली उंच आणि मजबूत होती, दुसरी घ्यायचं काही कारणच नव्हतं. नंबर व्यवस्थित तपासला, याबद्दल तक्रार नाही. मग त्या मुलाने माझी फ्रेम घेतली आणि आत गेला. ती माझ्या चेहऱ्यावर ठेवून त्याने काहीही मोजलं नाही. त्या वेळी मला त्याचं महत्त्व कळलं नाही.

पहिले दिवस वाईट गेले. मान वळवली की जमीन हलल्यासारखी वाटायची. देवळाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे पडतोय ते कळेना. याचं कारण मला नंतर समजलं. काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, पावणेदोनच्या ॲडिशनला तो जेमतेम हाताच्या अंतरावर चालतो. आपली पावलं दीड मीटर खाली, ती त्यातून धूसरच दिसणार. आणि बाजूंचं हलणं तर या काचेच्या जन्मापासूनचं आहे. आजोबांच्या बायफोकलमध्ये खाली अर्धचंद्र होता, रेघ स्पष्ट दिसायची, वर लांबचं आणि खाली जवळचं. फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी १९५९ साली व्हॅरिलक्स आणली, त्यात ती रेघ गेली आणि नंबर वरून खाली हळूहळू बदलायला लागला. पण वरून खाली असा उतार दिला की दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर तयार होतोच. भूमितीच तशी आहे. महागडी काच तो सिलिंडर पसरवते, हलका करते, काढून टाकू शकत नाही. मधली स्वच्छ वाट अरुंद असते, आणि म्हणून डोळा नेमका त्या वाटेवर पडणं हेच सगळं.

दुकानात सांगितलं, "सवय होईल, पंधरा दिवस द्या." दिले. हलणं खरंच कमी झालं. पण मान दुखायला लागली. कॉम्प्युटर पाहायला हनुवटी वर, हिशेबाची वही वाचायला आणखी वर. संध्याकाळी बसमध्ये मान धरून बसायचो. ऑफिसात चार जणांना मी सांगून टाकलं, प्रोग्रेसिव्हच्या फंदात पडू नका.

मग शिगम्यातलं नाटक. विंगेत उजेड कमी, अंधारात बाहुली मोठी होते आणि थोडासा धूसरपणाही मोठा होतो. दुसऱ्या अंकात नायक थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मी मान मागे टाकून वहीत ओळ शोधत राहिलो. तीन-चार सेकंद गेले असतील. त्याने स्वतःच काहीतरी जोडून घेतलं. नंतर तो काही बोलला नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात दुकानात गेलो. त्यांनी तक्त्यासमोर बसवलं. दोन्ही डोळे ६/६. "नंबर बरोबर आहे, बघा, शेवटची ओळ वाचलीत." आणि वर, काचा बदलून देण्याची मुदत तीस दिवसांची, तुमचे अडतीस झाले. मला राग याचा आला की त्यांनी मला खोटं पाडलं. ६/६ म्हणजे सहा मीटरवरून जेमतेम नऊ मिलिमीटरचं काळं अक्षर पांढऱ्यावर, भरपूर उजेडात, मान सरळ ठेवून वाचणं. मी तशा खोलीत राहत नाही. मी कॉम्प्युटरसमोर, बसमध्ये आणि विंगेत राहतो. माणूस समाधानी आहे का, हे तक्ता विचारत नाही.

उत्तर म्हापशात मिळालं. शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, तिथल्या एका वयस्कर चष्मेवाल्यांना दाखवलं. त्यांनी काच ट्यूबलाइटकडे तिरकी धरली आणि मला दोन बारीक गोल खुणा दाखवल्या. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर अशा दोन खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. बाहेरच्या खुणेखाली ॲडिशनही कोरलेली असते. त्यांनी खुणांवर मार्करने ठिपके दिले, कंपनीच्या तक्त्यावरून काचेचा क्रॉस कुठे येतो ते आखलं, आणि मला म्हणाले, "आता घाला आणि माझ्या नाकाकडे बघा." क्रॉस बाहुलीच्या मधोमध यायला हवा. माझा क्रॉस दोन्हीकडे तीन मिलिमीटर खाली होता.

एवढंच. सरळ बघताना मी निव्वळ लांबच्या नंबरातून बघत होतो, म्हणून तक्त्यावर ६/६. आणि वाचायचा भाग तीन मिलिमीटर खाली गेल्यामुळे हनुवटी वर. शिवाय बाहुल्यांमधलं अंतर त्यांनी ६३.५ धरून सरळ अर्धं केलं होतं. माझ्या नाकापासून उजवी बाहुली ३३ वर आणि डावी ३०.५ वर आहे. दोन डोळ्यांच्या दोन वाटा एकमेकींना जुळतच नव्हत्या.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मार्करचे ठिपके न पुसता मी सोमवारी पणजीला गेलो, थेट मालकांना भेटलो, चष्मा घातला आणि म्हणालो, "बघा." त्यांनी पट्टी लावून स्वतः मोजलं. मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही. मोजमाप या वेळी त्यांनी स्वतः घेतलं, फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवून, नाकाचे पॅड घट्ट करून, मग काचेवर पेनाने ठिपका देऊन. मेमध्ये नव्या काचा आल्या, एक रुपया जादा नाही.

दोन दिवसांत मान दुखायची थांबली. म्हणून त्या चार जणांना सांगितलेलं मी अर्धं मागे घेतो. अर्धंच, कारण बाजूचा धूसरपणा आजही आहे, नट डावीकडून येतो तेव्हा डोळा नव्हे, डोकं वळवावं लागतं. पायऱ्या उतरताना हनुवटी छातीला लावून वरच्या भागातून बघतो, ती सवय मात्र लागली. पावसात काचा पुसत राहणं आलंच. कोटिंग अजून शाबूत आहे. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका, उष्णतेने कोटिंगला तडे जातात. रात्री पडून वाचायला मी अजूनही चष्मा काढून ठेवतो. काढल्यावर जितकं छान दिसतं तितकं ९,८०० च्या काचेतून दिसत नाही, आणि मला त्याबद्दल तक्रारही नाही.

ऑफिसातल्या त्या चौघांपैकी एक बाई पुढच्या आठवड्यात काचा टाकायला जाणार आहेत. पैसे देण्याआधी दुकानवाला फ्रेम चेहऱ्यावर ठेवून पेनाचा ठिपका देतो का ते बघा, दिला नाही तर उठा, असं मी त्यांना सांगितलंय. माझी मापं नंबरच्या कागदाला टाचून नाटकाच्या वहीत ठेवली आहेत: उजवा ३३, डावा ३०.५, काचेच्या खालच्या कडेपासून बाहुलीची उंची दोन्हीकडे २०.