मुंबईत सोलर: घराच्या मीटरवर की सोसायटीच्या?

मे महिन्याचं बिल हातात पडलं की घरोघरी सोलरचा विषय निघतो. कोटेशनं येतात आणि चर्चा 'पॅनल कुठल्या कंपनीचं' इथेच अडकते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत या कामात मी सुरुवातीपासून आहे. मला विचाराल तर मुंबईत आधी ठरवायचं ते हे: गच्ची कोणाची, आणि वीज कुठल्या मीटरला जोडायची?

चारकोप-गोराईच्या बैठ्या घरात किंवा स्वतःच्या बंगल्यात राहत असाल, तर घरच्या मीटरवरच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. कोटेशनवर तसं लिहून घ्या. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट उन्हाची जागा लागते आणि पावसाळा धरून महिन्याला सरासरी ३०० युनिट मिळतात. मे महिन्यात गावी गेलात तरी ती वीज वाया जात नाही. नेट मीटरमध्ये, म्हणजे आलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, ती जमा राहते आणि जुलैच्या झाकोळलेल्या दिवसांत वळती होते. मात्र ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना फार कमी भाव मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम बसवू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं गणित निराळं. गच्ची सगळ्यांची. एकाला जागा दिली की उद्या बाकीचे विचारणारच, आणि सगळ्यांना पुरेल एवढी गच्ची मुंबईत असते कुठे? शिवाय बिल टप्प्याटप्प्याने महाग होतं. ज्या घरात महिन्याला २०० युनिट जळतात, तिथे सोलरने वाचतात ते स्वस्त टप्प्यातले युनिट. याउलट लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा कॉमन मीटर एकटाच दोन-तीन हजार युनिट ओढतो. त्यातले बहुतेक युनिट ५०० च्या वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. तोच सोलरचा युनिट तिथे जास्त पैसे वाचवतो, म्हणून माझं मत स्पष्टपणे सोसायटीच्या मीटरकडे आहे.

आकडे मांडून बघू. ३,००० चौरस फुटांची गच्ची धरा. टाक्या, लिफ्टची खोली, सावली आणि येण्याजाण्याची वाट वगळून निम्मी उरली, तर १५ किलोवॅट बसतात. सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० म्हणजे २ लाख ७० हजार अनुदान. उंच सांगाड्यासकट खर्च साडेनऊ लाख धरला तर खिशातून पावणेसात-सात लाख जातात. महिन्याला १,५०० युनिट आणि युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला १ लाख ८० हजार वाचतात. चार वर्षांच्या आत पैसे वसूल. तुमच्या घरचं बिल मात्र तेवढंच राहील, फायदा दिसेल तो मेंटेनन्समध्ये. सभेत हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्या महिन्यात लोक बिल घेऊन तुमच्या दारात उभे राहतील.

सावलीकडे आमचंही दुर्लक्ष झालं होतं. आलेल्या ठेकेदाराने टेपने गच्ची मोजली आणि कोटेशन दिलं. डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्हीच वर गेलो आणि दहा, बारा, दोन आणि चार वाजता सावलीच्या कडेने खडूच्या रेघा मारल्या. दक्षिणेच्या नव्या टॉवरची सावली दोननंतर पाण्याच्या टाकीपर्यंत सरकली होती. सहा पॅनलची जागा बदलावी लागली. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून ही पाहणी डिसेंबरमध्येच करा.

दुसरी भीती गळतीची. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सभेत छताचा पोपडा हातात घेऊन दाखवला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर. गच्चीला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा राहतो, पण मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. ठोकळ्यांचं वजन आणि इमारतीची ताकद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. खारी हवा लक्षात घेऊन लोखंड गॅल्व्हनाइज केलेलंच हवं. कबुतरांसाठी जाळी लावा आणि पॅनल पहाटे, काच तापायच्या आत, धुवा.

बॅटरी घ्यायची का? बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडलेल्या साध्या ऑन-ग्रिड सिस्टीममध्ये बाहेरची वीज गेली की सोलरही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून. पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, तसे दिवस इथे विरळाच येतात. तेवढ्यासाठी बॅटरीचा खर्च मला पटत नाही.

आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर सोलर थांबवा. चार वर्षांत पैसे वसूल व्हायच्या आधीच इमारत रिकामी करावी लागेल. तोवर घरातले जुने पंखे बदला. जुना ७५ वॅटचा, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. रोज बारा तास चालणारे चार पंखे बदलले तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. घर बदललं तरी पंखे सोबत नेता येतात.