चेन सॉ की कॅनिबल? आधी इशारा नीट वाचा

सत्तर-ऐंशीच्या सुमाराचे बदनाम भयपट पाहायला घेतले की ही दोन नावं समोर येतातच. एक टोबी हूपरचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४), दुसरा रुजेरो देओदातोचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०). दोन्ही तुटपुंज्या पैशांत केलेले, ब्रिटनमध्ये दोन्ही वर्षानुवर्षं सेन्सॉरपाशी अडकून पडलेले. दोन्हींवरचा इशाराही बहुधा सारखाच असतो: अतिशय हिंसक, फक्त प्रौढांसाठी. तेवढ्यावर निवड करू नका. पहिल्यातली मरणं अभिनयाची आहेत, दुसऱ्यातली काही खरी आहेत.

'चेन सॉ'चं नाव ऐकून रक्ताचे पाट डोळ्यांसमोर येतात, पण पडद्यावर रक्त फारच थोडं आहे. मुलीला मांसाच्या आकड्यावर टांगतात, तेव्हाही आकडा शरीरात शिरताना दिसत नाही. हूपरला तर पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही चालेल अशा) प्रमाणपत्राची आशा होती! त्रास होतो तो वेगळ्या गोष्टींचा. शेवटचा बराच भाग एका तरुणीच्या अखंड किंकाळ्यांचा आहे. तिला जेवणाच्या टेबलाशी बांधून घरातली माणसं तिची टवाळी करतात. व्हीलचेअरवरच्या तरुणाची हत्या आहे, हाडांनी सजवलेलं घर आहे, कत्तलखान्यातल्या पद्धतींची चर्चा आहे. बोट कापण्याच्या प्रसंगातला काप खराच होता, असं लेदरफेस हा मुखवटाधारी खुनी साकारणाऱ्या गनार हान्सननं पुढे सांगितलं. बलात्काराचा प्रसंग मात्र नाही. ब्रिटिश सेन्सॉरची पंचाईत अशी की दहशत पूर्ण चित्रपटभर पसरलेली, मग कात्री लावायची कुठे? १९९९ मध्ये तो एकही कट न देता प्रौढांसाठी मंजूर झाला.

'कॅनिबल होलोकॉस्ट'चा इशारा मोठा आहे आणि तो पूर्ण वाचायला हवा. बलात्काराचे एकाहून जास्त प्रसंग, गर्भवती स्त्रीवरचा अत्याचार, अंगच्छेद, माणसाचं मांस खाणं. हे सगळं बनावट आहे, पण इतकं अस्सल वाटतं की इटलीत चित्रपट जप्त झाला आणि देओदातोवर नटांना खरंच मारल्याचा संशय आला. नट जिवंत असल्याचं त्याला दाखवून द्यावं लागलं. खांबावर खुपसलेल्या स्त्रीचं दृश्य सायकलच्या सीटवर बसवून कसं घेतलं, हेही समजावून सांगावं लागलं.

प्राण्यांच्या बाबतीत असा कुठलाच खुलासा नव्हता, कारण तिथे बनावट काही नव्हतंच. कोआटी (रकूनच्या कुळातला लहान प्राणी), मोठं कासव, माकड, डुक्कर, साप, कोळी हे सगळे कॅमेऱ्यासाठी खरोखर मारले. माकडाचा प्रसंग दोनदा घेतला, म्हणजे माकडं दोन गेली. शिवाय चित्रपटात माणसांना मृत्युदंड दिल्याची खरी वृत्तचित्रंही वापरली आहेत. आपल्याकडे चित्रपटाच्या सुरुवातीला 'कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' ही पाटी दिसते आणि आपण ती गृहीत धरतो. इथे ती सवय बाजूला ठेवा. कासवाचा प्रसंग लांबलचक आहे, आणि माझ्या मते त्याला कलेचं कुठलंही कारण पुरत नाही.

'कापलेली आवृत्ती' या शब्दांवरही विसंबू नका. ब्रिटनमध्ये २००१ साली साडेपाच मिनिटांहून जास्त भाग कापला होता. २०११ मध्ये मात्र फक्त पंधराएक सेकंद, तेही कोआटीचेच. तिथल्या १९३७ च्या कायद्यात प्राण्याला क्रूरपणे यातना देऊन घेतलेल्या दृश्यांना बंदी आहे, झटक्यात मारण्याला नाही. म्हणून त्या आवृत्तीत कासव आहेच.

भयपटाचा इतिहास समजून घ्यायचा असेल आणि दोन्हींतला एकच पाहायचा असेल, तर मी 'चेन सॉ' सुचवेन. लैंगिक हिंसा किंवा प्राण्यांची हत्या सहन होत नसेल तर 'कॅनिबल'च्या वाटेला जाऊच नका. सापडलेल्या फिल्मच्या रूपात गोष्ट सांगण्याची त्याची पद्धत पुढे अनेक चित्रपटांत आली आहे, ती तिथे पाहता येते. तरीही पाहायचाच असेल तर प्राण्यांचे प्रसंग वगळून पाहण्याची सोय असलेली डिस्क शोधा. आणि इशाऱ्यांत क्वचितच असणारी एक गोष्ट आधीच सांगते: यात नरभक्षक म्हणून दाखवलेल्या टोळ्यांपैकी एकीला यानोमामींचं नाव दिलं आहे. ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवर आजही राहणाऱ्या खऱ्या लोकांचं ते नाव आहे, आणि चित्रपटातल्या त्या चालीरीती रचलेल्या आहेत.