सोफोसबुविर–वेल्पाटासविर: एचआयव्हीसोबत हेपॅटायटिस सी असेल तर

हेपॅटायटिस सीवरच्या या औषधाची रोज एक गोळी (४०० + १०० मिलिग्रॅम), १२ आठवडे. उपाशीपोटी घ्या की जेवून, फरक पडत नाही. ॲस्ट्रल-५ चाचणीत एचआयव्ही असलेल्या १०६ जणांपैकी ९५ टक्के हेपॅटायटिस सीतून बरे झाले. इंटरफेरॉनचे (आधीच्या इंजेक्शनांच्या उपचाराचे) दिवस आठवले की हे फार मोलाचं वाटतं.

खरी अडचण सोबतच्या औषधांची. एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधामुळे वेल्पाटासविरचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून डॉक्टर आधी डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधावर आणतात. एचआयव्हीच्या गोळ्या स्वतःहून कधीच थांबवू नका. रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध) सोबत चालतच नाही. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल (एचआयव्हीचं औषध) सुरू असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, तपासत राहा. अँटासिड चार तास दूर ठेवा: पोटात आम्ल कमी झालं की गोळी नीट शोषली जात नाही.

सुरुवातीआधी हेपॅटायटिस बी तपासायलाच हवा, सुप्त असला तर उफाळू शकतो. निकाल कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी, आरएनए चाचणीवरच (रक्तात विषाणू उरलाय का ते ती सांगते). अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) चाचणी बरं झाल्यावर पुढेही पॉझिटिव्ह राहते.